मुस्तफाची कॅसेट

सांगलीत आमच्या शाळेच्या वाटेवर एक गाळा होता. दाराला जाड निळा पडदा, आत व्हिडिओ गेमची चार मशीन, कोपऱ्यात देवाचा फोटो आणि त्याच्यापुढे दिवसभर अगरबत्ती. पडदा अशासाठी, की काचेवर उन्हाची तिरीप आली की खेळणाऱ्याला काही दिसायचं नाही. एक कॉइन एका रुपयाला. १९९६ साली मी अकरा वर्षांचा होतो, दादा चौदाचा. आजी दर रविवारी दोघांना मिळून पाच रुपये द्यायची आणि ते पाचही त्या पडद्याआड जायचे.

चारांतल्या तिसऱ्या मशीनवर ‘मुस्तफा’ होता. गेमचं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, कॅपकॉम कंपनीनं तो १९९३ साली काढला, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. आमच्यासाठी, आणि मला वाटतं महाराष्ट्रातल्या त्या वयाच्या बहुतेक पोरांसाठी, त्या गेमचं नाव मुस्तफाच. पिवळी टोपी घातलेला, धावत येऊन हवेत झेपावत लाथ घालणारा मुस्तफा. तो कायम दादाकडे असायचा. मी जॅक घ्यायचो. लिव्हर दोनदा पुढे ढकलायचा, मुस्तफा पळत सुटायचा आणि बरोबर वेळेला बटण दाबलं की समोरचे तीन-चार गुंड एकदम आडवे. त्या लाथेचा आवाज लाकडी खोक्यातून थेट पोटात जाणवायचा.

त्या दिवाळीत बाबांनी टीव्ही गेम आणला. चपटा पांढरा डबा, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढून तिथे गेमची वायर लावायची आणि चॅनल फिरवत बसायचं. मुंग्यांतून हळूहळू चित्र वर आलं तेव्हा आईसुद्धा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं होतं. मोजले तर वेगळे गेम तीसएक भरले, बाकी त्यांचीच नावं फिरवून. त्यात मारिओ होता, कॉन्ट्रा होता, गोरिल्ला पिंपं टाकतो तो होता. मुस्तफा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो.

“काका, मुस्तफाची कॅसेट हाय का?” दादानं विचारलं.

“मुस्तफाची कॅसेट निघतच न्हाई रे,” काका म्हणाले. “किती पोरं विचारून जात्यात. तो मशीनचाच गेम.”

दादाला ते पटलं नाही. पुढची दोन वर्षं तो प्रत्येक दुकानात विचारत राहिला, एकदा कोल्हापुरात आत्याकडे गेलो तेव्हा तिथेसुद्धा. काकांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. त्या काळच्या कुठल्याही घरगुती कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्यावर, हा गेम आला नाही. त्याच नावाचा एक गेम १९९४ मध्ये सेगा सीडी या कन्सोलवर आला खरा, पण तो गाडी चालवत गोळ्या झाडायचा निराळाच खेळ होता.

मशीनवरचा गेम घरच्या डब्यासाठी नव्यानं बांधायचा, त्याला पोर्ट म्हणतात. पोर्ट चांगला की वाईट, यावर जगभरातली माणसं चाळीस वर्षं भांडत आली आहेत आणि त्यातलं बरंचसं भांडण चित्राचं असतं: रंग किती कमी झाले, माणसं किती बुटकी झाली, पार्श्वभूमीतलं काय गेलं. माझा कल दुसरीकडे आहे, आणि तो सांगलीनं घडवला असावा. आमच्याकडे भावे नाट्यमंदिरात मुंबई-पुण्याची नाटकं दौऱ्यावर यायची. बाबा सांगायचे, तिकडे या नाटकाला फिरता रंगमंच होता, दुमजली घर होतं. आमच्यापुढे दोन दारं, एक खिडकी आणि एक सोफा असायचा. तरी काही नाटकांना माणसं उठून टाळ्या वाजवायची आणि काही नाटकं बघून घरी येताना रिक्षात कुणी बोलायचं नाही. बसमध्ये काय चढवायचं आणि काय मुंबईलाच ठेवायचं, हे ज्यानं ठरवलं त्याला नाटकाचा जीव कुठे आहे ते ठाऊक असायला हवं.

पहिला नीट चढवलेला संच ‘स्पेस इन्व्हेडर्स’चा. तोमोहिरो निशिकादोंनी मूळ मशीन १९७८ मध्ये केलं. त्यात परग्रहावरची ५५ सोंगं पाच रांगांत वरून खाली सरकत येतात, आणि तुम्ही जसजशी मारत जाल तसतशी उरलेली जास्त वेगानं पळू लागतात. शेवटचं एक उरतं तेव्हा ते पिसाळल्यासारखं धावतं. हा वेग मुद्दाम घातलेला नव्हता. बिचारा प्रोसेसर एका वेळी एकच सोंग हलवू शकायचा. सगळ्यांची पाळी यायला वेळ लागायचा. सोंगं कमी झाली की पाळी लवकर यायची, बस. निशिकादोंनी ते पाहिलं आणि तसंच राहू दिलं, कारण छातीत धडधड होत होती ती त्यामुळेच.

१९८० मध्ये रिक मॉरर या माणसानं हा गेम अटारी या अमेरिकी कंपनीच्या घरगुती डब्यावर आणला. ५५ ची ३६ सोंगं झाली, सहा रांगांत सहा-सहा. चित्रं ओबडधोबड झाली, रंग बदलले. पण सोंगं कमी झाली की वेग वाढतो, हे त्यानं सोडलं नाही. त्या एका कॅसेटसाठी लोकांनी अटारीचे डबे विकत घेतले.

दोन वर्षांनी, मार्च १९८२ मध्ये, त्याच डब्यावर भुलभुलैयात ठिपके खात भुतांपासून पळायचा ‘पॅक-मॅन’ आला. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण पोर्ट कसा फसतो याचं उदाहरण म्हणून लोक टॉड फ्राय या प्रोग्रामरचं नाव घेतात आणि पुढे काही बोलतच नाहीत. त्याच्या हातात काय होतं ते बघू. अटारीच्या डब्यात स्मृती १२८ बाइट. आज देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार प्रत्येकाचे वेगळे. म्हणजे १२८ बाइटांत बेचाळीस चिन्हं. तुम्ही आत्ता वाचताय ते हे वाक्यसुद्धा त्यात मावणार नाही. आणि तेवढ्यात पॅक-मॅन कुठे आहे, चार भुतं कुठे आहेत, कुठले ठिपके खाल्ले, कुठले राहिले, हे सगळं लक्षात ठेवायचं. शिवाय दोन जण आळीपाळीनं खेळणार म्हणून दुसऱ्याचा अर्धवट डावही. संपूर्ण प्रोग्रामला जागा चार किलोबाइट. पडद्याचं चित्र साठवायला वेगळी जागाच नाही. टीव्हीचा किरण एकेक ओळ काढत खाली येत असतो, त्याच्या पुढे पुढे पळत प्रोग्रामनं पुढची ओळ सांगायची.

हलणारी चित्रं काढायला त्या डब्यात मुख्य सोय दोनच आकृत्यांची होती, त्यातली एक पॅक-मॅनलाच लागायची. भुतं चार. म्हणून फ्रायनं एका वेळी एकच भूत दाखवलं: या क्षणी हे, पुढच्या क्षणी ते. टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र काढतो, तेव्हा प्रत्येक भुताच्या वाट्याला पंधरा वेळा. त्यामुळे भुतं लुकलुकायची, विझत्या ट्यूबलाइटसारखी. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. भूत लुकलुकलं तर चालतं.

वाईट वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. तोरू इवातानींच्या मूळ गेममध्ये चार भुतांचे चार स्वभाव होते. लाल भूत थेट मागे लागतं. गुलाबी तुमच्या चार घरं पुढची जागा हेरून वाट अडवायला जातं. नारिंगी जवळ आलं की बिचकतं आणि आपल्या कोपऱ्याकडे वळतं. हे स्वभाव ओळखणं म्हणजेच पॅक-मॅन खेळणं. आठवड्याभरात माणूस त्यांच्याशी शेजाऱ्यांसारखा वागू लागतो. घरच्या कॅसेटमध्ये ते उरले नाहीत. भुलभुलैयाची वळणंही बदलली, डावीकडून उजवीकडे निघणारा बोगदा वर-खाली गेला, आणि ‘वाका-वाका’ असा तो खाण्याचा आवाज जाऊन तिथे ठण्‌ठण्‌ वाजू लागलं. तरीही सत्तर लाखांहून जास्त प्रती खपल्या. कॅसेट आणल्यावर किती घरांत ‘हा तो नव्हेच’ म्हणून पोरं हिरमुसली असतील, ते मी सहज समजू शकतो.

डबा दुबळा होता म्हणून असं झालं, हे उत्तर मला पुरत नाही. पुढच्याच वर्षी त्याच १२८ बाइटांच्या डब्यावर ‘मिस पॅक-मॅन’ आली. कॅसेटची जागा दुप्पट, आठ किलोबाइट, हे मान्य. पण करणाऱ्यांनी डोकंही चालवलं. दोन भुतं वेगवेगळ्या उंचीवर असतील तर तीच आकृती वर एकदा आणि खाली पुन्हा वापरता येते. एका ओळीत आली तरच लुकलुकू द्यायची. भुलभुलैये एकाचे चार मिळाले. ती खेळताना मशीनवरच्या सवयी घरी कामाला यायच्या.

आता आमच्या पिवळ्या कॅसेटमधला गोरिल्ला. ‘डाँकी काँग’, मूळ मशीन १९८१ चं, जपानच्या फॅमिकॉमवर तो आला १५ जुलै १९८३ ला, कन्सोल बाजारात आला त्याच दिवशी. आमचा पांढरा डबा त्या फॅमिकॉमचीच नक्कल. मी हा गेम शेकडो वेळा खेळलो असेन. पहिला पडदा तिरप्या तुळयांचा, दुसरा लिफ्टचा, तिसरा खिळे काढायचा. मग पुन्हा पहिला. तीन मजल्यांचा गेम, असं मी बावीस वर्षं मानत होतो.

२०१८ च्या जूनमध्ये हॅम्स्टर या जपानी कंपनीनं आपल्या ‘आर्केड आर्काइव्हज’ मालिकेत मूळ मशीनचा डाँकी काँग निन्टेन्डो स्विचवर आणला. मी घेतला, जपानी आवृत्ती लावली. सुरुवातीलाच गोरिल्ला पोरीला खांद्यावर टाकून शिडीनं वर चढला. वर पोचून त्यानं उड्या मारायला सुरुवात केली आणि प्रत्येक उडीसरशी खालची सरळ पोलादी तुळई वाकडी होत गेली. मी हातातला कंट्रोलर मांडीवर ठेवला. लहानपणापासून त्या तुळया मी तिरप्याच पाहिल्या होत्या. का तिरप्या, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. बांधकाम तसंच असेल! ते उत्तर कॅसेटमध्ये घालायला जागा नव्हती म्हणून घातलेलं नव्हतं.

पहिला मजला संपला. मी लिफ्टची वाट पाहत होतो. समोर आले सरकते पट्टे, त्यावरून सिमेंटच्या पाट्या जाताहेत, मध्यभागी आग पेटलेली, शिड्या आपोआप वरखाली होताहेत. ५० मीटरचा मजला. २५, ५०, ७५ आणि १०० मीटर असे चार मजले मूळ मशीनमध्ये होते. फॅमिकॉमच्या २४ किलोबाइटच्या कॅसेटसाठी चारांतला एक गळला. दर मजल्याआधी गोरिल्ले एकावर एक रचून ‘किती उंच चढाल?’ असं विचारणारा पडदाही त्याच्यासोबत गेला, आणि आकडेच नाहीत म्हटल्यावर मधला एक गायब आहे हे कळणार कसं? मी माझ्या घरात बसून, माझ्याच लहानपणातली एक बंद खोली उघडल्यासारखा त्या पट्ट्यांवर उभा होतो. पट्टा मला मागे ओढत होता. पाच वेळा मेलो.

तरी फॅमिकॉमचा तो पोर्ट मी चांगलाच म्हणेन. उडी तीच होती. मारिओनं उडी घेतली की हवेत दिशा बदलता येत नाही. पाय उचललास की निभाव, असा तो करार आहे. त्यामुळे पिंप येताना पोटात जो गोळा येतो तो घरच्या कॅसेटनं जसाच्या तसा जपला होता. स्विचवर मूळ मशीनचे पहिले दोन ओळखीचे मजले मी पहिल्याच दमात पार केले असते, जर मध्ये तो अनोळखी मजला नसता. बोटांना सगळं ओळखीचं होतं.

‘डबल ड्रॅगन’चं मात्र मला आजही लागतं. मूळ गेम टेक्नोस कंपनीचा, १९८७ चा. बिली आणि जिमी हे दोन भाऊ खांद्याला खांदा लावून गल्लीबोळांतून मारामारी करत जातात. मशीनसमोर दोन माणसं उभी राहतात, हाच त्या गेमचा कणा. कॅसेटमध्ये तो आमच्याकडे पोचला आणि दादानं मेन्यूत दोन खेळाडू निवडले. मी रिमोट धरून बसलो. दादाचा बिली चालू लागला. माझा कुठेच नव्हता. दादा मेल्यावर माझी पाळी आली. दोन भावांच्या गेममध्ये एक भाऊ नेहमी कॉटवर बसून बघत होता, आणि वर शेवटी जिमीलाच खलनायक केलेलं. पडद्यावर एका वेळी दोनच शत्रू, तेही एकाच प्रकारचे. फॅमिकॉमला एका आडव्या ओळीत आठच तुकडे नीट दाखवता येतात, तेव्हा गर्दी झाली की माणसं लुकलुकणार, हे खरं. पण त्याच पिढीच्या सेगाच्या ८-बिट कन्सोलवर १९८८ मध्येच दोघं भाऊ एकत्र लढत होते. लुकलुकत होते, पण होते. मी तो पोर्ट निवडला असता, दादासाठी.

म्हणूनच कॉन्ट्रावर आमचा एवढा जीव. कोनामीच्या १९८७ च्या मूळ मशीनचा पडदा उभा होता, समोरचं फार दिसायचं नाही. घरच्या टीव्हीच्या आडव्या पडद्यावर तो मोकळा झाला, आणि दोन खेळाडू एकत्र, पहिल्या पुलापासून शेवटपर्यंत. घरचा पोर्ट मूळ मशीनच्या वरचढ ठरला अशी फार उदाहरणं नाहीत, हे एक. तीस लाइफचा मंत्र माझ्या कंपासपेटीच्या झाकणात आतून लिहिलेला होता: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए.

त्या मंत्राचा जन्मसुद्धा पोर्टच्याच कामातला. १९८६ मध्ये काझुहिसा हाशिमोतो ‘ग्रेडियस’ मशीनवरून फॅमिकॉमवर आणत होते. गेम त्यांना स्वतःला खेळून तपासता येईना, इतका अवघड. म्हणून त्यांनी सगळी हत्यारं एकदम देणारी बटणांची एक क्रमवार खूण आत टाकली. ती तशीच राहून गेली आणि पुढे कोनामीच्या कितीतरी गेममध्ये आली. मला यात एक मोठी गोष्ट दिसते. मशीनवरचा गेम अवघड असतो, कारण काही मिनिटांत पुढचा रुपया यायला हवा. घरी रुपया टाकायला भोकच नाही. मग त्या अवघडपणाचं करायचं काय? प्रत्येक पोर्टला हा प्रश्न सोडवावा लागतो आणि चित्राच्या भांडणात तो कुणी विचारत नाही. कुणी लाइफ मोजून देतं, कुणी वाटेत लेव्हल वाढवतं. हाशिमोतोंनी आपली अडचण सोडवली आणि नकळत लाखो पोरांची सोडवली.

मुस्तफा घरी आलाच असता तर कसा आला असता, याचा अंदाज मला ‘फायनल फाइट’वरून येतो. तोही कॅपकॉमचा, त्याच घराण्यातला. १९९० च्या अखेरीस तो फॅमिकॉमच्या पुढच्या पिढीच्या सुपर फॅमिकॉमवर आला तेव्हा चित्रं थक्क करणारी होती, माणसं मशीनवरच्याएवढीच मोठी. पण तीन नायकांतला गाय गायब, कारखान्याची स्टेज गायब, आणि दोघांनी मिळून खेळणंही गायब. १९९३ मध्ये सेगा सीडीच्या तबकडीवर हे सगळं परत मिळालं. मोठी चित्रं की शेजारचा माणूस, यातलं त्यांनी आधी चित्र निवडलं होतं. मुस्तफाच्या मशीनवर तर तिघं एकत्र खेळू शकायचे. दादाचा मुस्तफा राहिला असता आणि माझा जॅक गेला असता, असं मला कधी कधी वाटतं. मग ती कॅसेट निघाली नाही हेच बरं.

पुढे डबे बलवान होत गेले. एसएनके कंपनीच्या निओ जिओ या कन्सोलनं १९९० मध्ये मशीनचाच संच घरी दिला, पण तो अमेरिकेत साडेसहाशे डॉलरच्या घरात. आमच्या गल्लीत त्याचं नावही पोचलं नाही. १९९९ मध्ये सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलवर आलेला ‘सोलकॅलिबर’ मूळ मशीनपेक्षा देखणा निघाला. तिथून पुढे पोर्ट या शब्दाची धारच गेली.

मुस्तफा आमच्या घरी आला तो दुसऱ्याच वाटेनं. निकोला साल्मोरिया या इटालियन माणसानं १९९७ च्या फेब्रुवारीत ‘मेम’ नावाचा प्रोग्राम काढला. तो कॉम्प्युटरला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावतो आणि त्यात मूळ चिपमधलाच गेम चालतो. नव्यानं काही बांधायचं नाही, काही कापायचं नाही. दादा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना हॉस्टेलवरून एक सीडी घेऊन आला. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही बाबांच्या कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या ओढल्या. पिवळी टोपी, तीच. लाथेचा आवाज, तोच. ठिपका न्‌ ठिपका मशीनवरचा. कॉइन टाकायला कीबोर्डवरचं ५ दाबायचं. आम्ही मेलो की ५, मेलो की ५. तासाभराच्या आत आठच्या आठ स्टेज संपल्या, ज्यातल्या निम्म्या आम्ही कधी पाहिल्यासुद्धा नव्हत्या. दादानं खुर्ची मागे सरकवली. “संपला?” असं म्हणाला आणि थोडा वेळ नुसताच पडद्याकडे बघत राहिला. इतका अचूक मुस्तफा घरात होता आणि आम्हा दोघांनाही त्याच्याशी काय करावं ते समजत नव्हतं.

गेल्या दिवाळीत दादा पुण्याहून आला होता. मुलं फटाक्यांत गुंतलेली. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला, दोन कंट्रोलर काढले. दादा उठून आत गेला आणि आईच्या देवघरातल्या डबीतून एक-एक रुपयाची पाच नाणी घेऊन आला. टीपॉयवर आपल्या डाव्या हाताला त्यानं ती ओळीनं मांडली.

“एवढीच हां,” तो म्हणाला. “संपली की बंद करायचं.”

कॉइनचं बटण दाबायच्या आधी तो एक नाणं डावीकडून उजवीकडे सरकवायचा. पहिल्या स्टेजला दोन गेली, एकेक आम्हा दोघांची. दुसऱ्या स्टेजला दलदलीत मी वेड्यासारखा पुढे धावलो तेव्हा तो ओरडला, “अरे थांब की, मला येऊ दे!” कोपऱ्यात पडलेलं खाणं त्यानं माझ्यासाठी सोडलं, कारण माझी पट्टी लाल झाली होती. तिसरं नाणं गेलं. चौथं गेलं. बाहेर पोरं हाका मारत होती आणि आम्ही दोघंही उत्तर देत नव्हतो. वाळवंटातली गाडीची लेव्हल लागली तेव्हा टीपॉयवर डावीकडे एकच रुपया उरला होता, आणि दादानं त्याच्यावर तळहात ठेवला.